विश्लेषण : खेळण्यातल्या रेल्वेला गंज चढवणारे जॉन अ‍ॅलन कोण होते? साडेसोळा मिलिमीटरचा रूळ खरा कसा दिसू लागला?

खेळण्यातली आगगाडी म्हटली की चकचकीत लाल इंजिन आणि गोल गोल फिरणारा रूळ डोळ्यांसमोर येतो. या खेळण्याला धूळ, काजळी, गंज आणि म्हातारपण देणारे अमेरिकी छायाचित्रकार म्हणजे जॉन अ‍ॅलन. कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे शहरात, स्वतःच्या घराच्या तळघरात त्यांनी जवळपास वीस वर्षे एक रेल्वे उभारली. ६ जानेवारी १९७३ रोजी त्यांचे निधन झाले आणि काही दिवसांतच ती रेल्वेही आगीत गेली. तरीही मॉडेल रेल्वेच्या जगात आजही त्यांचे नाव निघतेच. ते का, आणि बोटभर रुंदीचा रूळ खरा वाटावा यासाठी नेमके काय काय करावे लागते, हे पाहू.

तेहतिसाव्या वर्षी कामातून मोकळे...

जॉन व्हिटबी अ‍ॅलन यांचा जन्म १९१३ मध्ये मिसुरी राज्यातील जॉप्लिन येथे झाला. लहान वयात त्यांना संधिवाताचा ताप, म्हणजे ऱ्हुमॅटिक फीव्हर झाला. घशातल्या साध्या वाटणाऱ्या संसर्गातून सुरू होणारा हा आजार सांध्यांवरून निघून जातो, पण हृदयाच्या झडपांवर आपली खूण ठेवतो. पेनिसिलिन सर्वत्र उपलब्ध होण्यापूर्वीचा तो काळ. अ‍ॅलन यांचे हृदय कायमचे कमकुवत झाले. पुढे त्यांनी जे काही केले, त्याच्या मागे ही गोष्ट सतत उभी आहे.

छायाचित्रण हा त्यांचा व्यवसाय. लॉस एंजेलिस परिसरात त्यांनी स्टुडिओ चालवला आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो चांगला चालला. मिळालेला पैसा त्यांनी नीट गुंतवला. इतका नीट, की १९४६ मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, त्यांनी काम सोडले आणि ते मॉन्टेरेला राहायला गेले. आपल्याकडे याला लवकर निवृत्ती म्हणतील. अ‍ॅलन यांचे खरे काम मात्र तिथून पुढे सुरू झाले.

‘गोरी अँड डिफीटेड’ हे कसले नाव?

मॉन्टेरेला आल्यावर अ‍ॅलन यांनी एक छोटा लेआउट बांधला. लेआउट म्हणजे रूळ, डोंगर, स्टेशने आणि गाड्या असलेली संपूर्ण मांडणी. हा पहिला लेआउट सुमारे साडेतीन फूट रुंद आणि पावणेसात फूट लांब होता, म्हणजे एका पलंगाएवढा. त्यावरच्या रेल्वे कंपनीला त्यांनी दोन गावांची नावे जोडून नाव दिले. इंग्रजीत लिहिलेले वाचले तर ती फ्रेंच वळणाची, भारदस्त गावे वाटतात. मोठ्याने उच्चारले की ऐकू येते ‘गोरी अँड डिफीटेड’, म्हणजे रक्तबंबाळ आणि पराभूत!

अशा कोट्या त्यांच्या रेल्वेवर जागोजागी होत्या. डोंगररांगेचे नाव ‘अकिनबॅक’. भरभर म्हटले की त्याचे इंग्रजीत ‘दुखरी पाठ’ होते, आणि तळघरात वाकून डोंगर उभारणाऱ्या माणसाला हे नाव का सुचले असेल ते वेगळे सांगायला नको. यार्डात डबे इकडून तिकडे करायला एक इंजिन हवे असते. अ‍ॅलन यांनी या कामाला एक डायनोसॉर लावला. ‘एमा’ नावाची ही स्टेगोसॉरस मॉडेल जगात इतकी प्रसिद्ध झाली, की काहींना अ‍ॅलन आठवतात ते तिच्यामुळेच.

पण या गमतीजमती ज्या रुळांवर चालत, ते रूळ मात्र कमालीच्या गांभीर्याने टाकलेले होते. त्यासाठी आधी थोडे गणित समजून घ्यावे लागेल.

प्रमाण १:८७ म्हणजे नेमके किती लहान?

अ‍ॅलन यांची रेल्वे ‘एचओ’ प्रमाणात होती. या प्रमाणात खऱ्या रेल्वेतला एक फूट म्हणजे मॉडेलमधले साडेतीन मिलिमीटर. भागाकार केला की १:८७.१ हे प्रमाण मिळते. अमेरिकेतील दोन रुळांमधले अंतर १,४३५ मिलिमीटर असते, ८७.१ ने भागल्यावर ते साडेसोळा मिलिमीटर होते. (भारतातल्या १,६७६ मिलिमीटरच्या ब्रॉडगेजला हाच न्याय लावला तर सव्वाएकोणीस मिलिमीटर यायला हवेत.)

गेज जुळले म्हणून रूळ खरा दिसत नाही. खरी गडबड रुळाच्या उंचीत असते. मॉडेलचे रूळ ‘कोड’ने ओळखले जातात आणि कोड म्हणजे रुळाची इंचाच्या हजारांश भागातली उंची. अ‍ॅलन यांच्या काळात कोड १०० सर्रास वापरला जाई. तो २.५४ मिलिमीटर उंच असतो. ८७.१ ने गुणा, खऱ्या जगात तो २२१ मिलिमीटर उंच होतो. आपल्याकडे मुख्य मार्गांवर टाकला जाणारा ६० किलोचा जाडजूड रूळसुद्धा १७२ मिलिमीटर उंच असतो. म्हणजे कोड १०० चा रूळ कुठल्याही खऱ्या मार्गावर राक्षसी दिसला असता. याउलट कोड ७० चा बारीक रूळ गुणून पाहिला तर १५५ मिलिमीटरच्या आसपास येतो. तो आपल्या ५२ किलोच्या रुळाच्या, म्हणजे १५६ मिलिमीटरच्या, अगदी जवळ जातो.

मग सगळ्यांनी बारीक रूळच का वापरले नाहीत? कारण चाके. खऱ्या चाकाची रुळाच्या आतल्या बाजूला लोंबणारी कड, म्हणजे फ्लँज, सुमारे २८ ते ३० मिलिमीटर खोल असते. ती ८७ पट लहान केली तर जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटर उरते, आणि इतक्या कडेवर हलके मॉडेल रुळावर टिकणे अवघड. म्हणून मॉडेलची कड प्रमाणापेक्षा खोल ठेवतात, साधारण ०.६ मिलिमीटर, जुन्या मॉडेलांत तर त्याहूनही जास्त. रूळ फार बारीक घेतला की ही कड स्लीपरवर खिळ्यांना आपटत जाते. प्रत्येक ठिकाणी अशी देवाणघेवाण करावी लागते.

वळणांचे तर विचारूच नका. ब्रॉडगेजवर सर्वांत तीव्र वळण १७५ मीटर त्रिज्येचे चालते. एचओमध्ये त्याला दोन मीटर त्रिज्या लागेल, म्हणजे पूर्ण वळसा घ्यायला चार मीटर रुंद खोली. बाजारात मिळणारे नेहमीचे वळण १८ इंच त्रिज्येचे असते. खऱ्या जगात ते अवघे ४० मीटर! एक मैल अंतर दाखवायला साडेअठरा मीटर रूळ लागतो. तळघरात राज्यभराची रेल्वे दाखवायची तर खोटेपणा केल्याशिवाय गत्यंतर नाही. कुठे खोटे बोलायचे आणि कुठे अजिबात नाही, हे ठरवण्यात कसब आहे.

छायाचित्रकाराच्या डोळ्याला काय खटकले?

चाळीसच्या दशकातली बरीच मॉडेल्स तांत्रिकदृष्ट्या उत्तम होती. प्रत्येक रिव्हेट मोजून बसवलेली, प्रत्येक दांडा प्रमाणात. पण ती नव्या कोऱ्या, चकाकत्या रंगात रंगवलेली असत. मॉडेल जितके स्वच्छ तितके चांगले, असाच समज होता.

अ‍ॅलन यांचा पेशा प्रकाश वाचण्याचा होता. चकाकत्या रंगावर खोलीतल्या दिव्याचा एक मोठा ठिपका उमटतो. डोळ्याला तेवढ्यावरून कळते, की वस्तू हाताएवढीच आहे. खरे इंजिन दुरून पाहिले तर ते काळे नसतेच. करडे, तपकिरी, धुळीने फिके झालेले असते. पाण्याचे ओघळ, वाफेने पडलेले पांढरट डाग, चाकांजवळ तेलकट काळेपणा. अ‍ॅलन यांनी हा वापरलेपणा मॉडेलवर आणला: इंजिनांवर, वाघिणींवर, इमारतींवर आणि रुळांवरही. या तंत्राला वेदरिंग म्हणतात आणि ते रूढ करणाऱ्यांत अ‍ॅलन यांचे नाव सर्वांत आधी घेतले जाते.

हे सांगताना आज फार क्रांतिकारक वाटत नाही. पण महागडे, महिनोन् महिने खपून बनवलेले मॉडेल मुद्दाम मळवायचे, हे तेव्हाच्या अनेकांना पटण्यासारखे नव्हते. लोकांचे मत वळवले ते छायाचित्रांनी. ‘मॉडेल रेलरोडर’ या मासिकात अ‍ॅलन यांचे लेख आणि छायाचित्रे येऊ लागली. वार्नी या एचओ गाड्या बनवणाऱ्या कंपनीच्या जाहिरातींतही त्यांचीच छायाचित्रे झळकली. कॅमेरा रुळाच्या पातळीवर उतरवायचा, झडप अगदी बारीक करायची म्हणजे जवळचे आणि दूरचे दोन्ही स्पष्ट येते, आणि एक्स्पोजर लांब ठेवायचे. अशा छायाचित्रात मॉडेलची लबाडी लपत नाही. जाड रूळ, एका रंगाचे स्लीपर, मोठ्या दाण्याची खडी सगळे उघडे पडते. कॅमेरा हा अ‍ॅलन यांचा परीक्षक होता, असे म्हटले तर चुकीचे ठरू नये.

रूळ हाताने टाकायचा म्हणजे काय करायचे?

आज तयार, वाकवता येणारा रूळ मिळतो. प्लास्टिकच्या स्लीपरवर बसवलेला तुकडा आणायचा आणि चिकटवायचा. अ‍ॅलन यांचे रूळ हाताने टाकलेले होते. ही पद्धत आजही काही जण वापरतात आणि ती साधारण अशी असते.

आधी लाकडाच्या पट्टीतून स्लीपर कापायचे. अमेरिकेतला साडेआठ फुटी स्लीपर एचओमध्ये तीस मिलिमीटर लांब आणि अडीच मिलिमीटरपेक्षा किंचित जास्त रुंद होतो. एका मीटरला असे सुमारे १६० लागतात. ते सगळे एकाच रंगात बुडवले तर रूळ पुन्हा खेळण्यातला दिसतो. म्हणून थोडे गडद तपकिरी, थोडे करडे, एखादा जवळजवळ पांढरा पडलेला, अशी सरमिसळ करतात. मग ते आखलेल्या मध्यरेषेवर चिकटवायचे आणि वाळल्यावर लाकडी ठोकळ्याला पॉलिश पेपर लावून माथे एका पातळीत घासायचे. हा टप्पा कंटाळवाणा आहे. तो टाळला तर मात्र पुढे गाडी कायम डुलत राहते.

पहिला रूळ डोळ्याने बघून टाकायचा. गाल जमिनीला टेकवून रुळाच्या रेषेत पाहिले, की अर्ध्या मिलिमीटरचा बाकसुद्धा दिसतो. दुसरा रूळ गेजपट्टी लावून, पहिल्याच्या अंतरावर. नाकाच्या केसाएवढे खिळे पक्कडीने दाबून बसवायचे. अमेरिकी पद्धतीत प्रत्येक स्लीपरला किमान चार खिळे असतात. मीटरभरात सहाशेहून अधिक झाले! म्हणून बहुतेक जण चार-पाच स्लीपर सोडून एकाला खिळे मारतात आणि उरलेल्यांवर डोळेझाक करतात.

ही मापे मनाला येतील तशी ठेवून चालत नाहीत. १९३५ मध्ये मिलवॉकी येथे मॉडेल हौशींची राष्ट्रीय संघटना, नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन, स्थापन झाली. त्यामागे हेच कारण होते. एका कंपनीची चाके दुसऱ्या कंपनीच्या रुळावर चालत नसत. गेज, चाकांमधले अंतर, सांध्यातल्या फटी यांची मानके या संघटनेने ठरवली. त्यानंतरच एकाचे इंजिन दुसऱ्याच्या घरी जाऊन चालू शकले.

सांधा बनवणे इतके अवघड का?

गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळते त्या जागेला आपण सांधा म्हणतो. त्यात दोन रूळ एकमेकांना छेदतात, तिथे फुलीसारखा एक तुकडा असतो. आपल्याकडे त्याला क्रॉसिंग म्हणतात, अमेरिकेत ‘फ्रॉग’, म्हणजे बेडूक. घोड्याच्या खुराच्या तळाला त्या आकाराचा जो भाग असतो, त्यालाही इंग्रजीत हेच नाव आहे.

हाताने सांधा बनवताना रूळ कानशीने घासून त्याला सुरीसारखी धार आणावी लागते. ही धार शेजारच्या रुळाला चिकटून बसली नाही, तर चाक तिच्यावर चढते आणि गाडी घसरते. फुलीपाशी चाकाला जायला फट ठेवावी लागते. फट जास्त झाली तर चाक तिच्यात गचकते, कमी झाली तर अडकते. समोरच्या बाजूला गार्ड रेल, म्हणजे चाकाला योग्य बाजूला ओढून धरणारा छोटा रूळ. यात ०.२ मिलिमीटरची चूकही महाग पडते.

शिवाय वीज. एचओमध्ये दोन रुळांतूनच मोटरला वीज मिळते, एक रूळ धन आणि दुसरा ऋण. फुलीच्या तुकड्यात हे दोन्ही एकत्र येतात, म्हणजे शॉर्टसर्किट ठरलेले. त्यामुळे तो तुकडा दोन्ही बाजूंनी कापून वेगळा करतात आणि सांधा ज्या दिशेला वळवला असेल, त्याप्रमाणे त्याला वीज बदलून देतात. एकाहून अधिक गाड्या चालवायच्या तर पूर्ण मार्ग असाच कापून विजेचे वेगवेगळे टप्पे करावे लागत आणि ते बटणांनी जोडावे लागत. आजची डिजिटल नियंत्रणे तेव्हा नव्हती. डोंगर, नद्या, पूल यांच्या खाली तारांचे जंजाळ असे.

एक विचित्र पेच इथेच आहे. रुळाच्या कडा गंजलेल्या दिसल्या पाहिजेत, पण माथा लख्ख हवा, नाहीतर वीज तुटते. सुदैवाने खऱ्या रेल्वेतही तसेच असते. गाड्या सतत जातात त्या रुळाचा माथा चाकांनी घासून आरशासारखा होतो आणि बाजू तांबूस राहते. पूर्वी एचओचे रूळ पितळेचे असत. पितळेवर बसणारा ऑक्साइडचा थर वीज अडवतो, म्हणून ते सतत घासावे लागत. पुढे निकेल सिल्व्हर या मिश्रधातूचे रूळ आल्यावर हा त्रास बराच कमी झाला.

खडी, तेल आणि गवत

रुळाखालची खडी हा मॉडेलमधला सर्वांत जास्त फसणारा भाग आहे. खऱ्या मार्गावरचा खडा साधारण ५० मिलिमीटरचा असतो. ८७ ने भागला की अर्ध्या मिलिमीटरपेक्षा थोडा मोठा, म्हणजे बारीक रव्याचा दाणा. बागेतली साधी वाळू टाकली तर एचओमध्ये तिथे धोंडे पडल्यासारखे दिसते. म्हणून चाळणीवर चाळणी लावून दाणा निवडतात. तो मऊ ब्रशने स्लीपरमध्ये सारतात. मग पाण्याचा बारीक फवारा मारायचा आणि पातळ केलेला पांढरा गोंद ड्रॉपरने सोडायचा. पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकायचा, कारण त्याने पृष्ठताण कमी होतो. नाहीतर गोंदाचा थेंब खडीवर मोत्यासारखा बसून राहतो आणि दाणे सोबत घेऊन घरंगळतो. सांध्याच्या हलत्या धारेपाशी मात्र गोंद गेला, तर सगळी मेहनत पाण्यात.

यानंतर येते ती नजर, आणि अ‍ॅलन यांच्या कामाचे मोल इथे कळते. सगळे रूळ एकसारखे नसतात. मुख्य मार्गाची खडी भरपूर आणि कडा नीट आखलेल्या. सायडिंगला ती कमी, स्लीपर अर्धे मातीत गेलेले. यार्डात खडीऐवजी राख आणि कोळशाचा चुरा. खाणीकडे जाणाऱ्या जुन्या फाट्यावर रूळ बारीक, रेषा किंचित वाकडी, मधे गवत. वाफेचे इंजिन पाण्याच्या खांबापाशी थांबते तिथे दोन रुळांच्या मधोमध तेलाचा काळा पट्टा पडतो. चढावर इंजिन घसरू नये म्हणून वाळू सोडतात, त्यामुळे तिथली खडी फिकी दिसते. रुळाकडे पाहून गाडी न बघताही त्यावर काय चालते हे सांगता आले, तर तो रूळ जमला. अ‍ॅलन यांच्या छायाचित्रांत बऱ्याचदा हे जमलेले दिसते.

तळघरात डोंगर कसे मावले?

१९५३ मध्ये अ‍ॅलन यांनी मॉन्टेरेमध्येच तळघर असलेले घर घेतले आणि पुढच्या वर्षापासून ‘गोरी अँड डिफीटेड’चे तिसरे, शेवटचे आणि सर्वांत मोठे रूप उभे राहू लागले. पलंगाएवढा पहिला लेआउट त्यांनी टाकून दिला नाही. तो या मोठ्या मांडणीतच सामावून घेतला.

नेहमीचे लेआउट टेबलावर असतात. अ‍ॅलन यांचे डोंगर जमिनीपासून उठून जवळपास छतापर्यंत जात. पाहुणा टेबलाशेजारी उभा न राहता दरीतून चालत असे आणि गाडी कधी त्याच्या गुडघ्यापाशी, कधी डोक्याजवळच्या पुलावरून जाई. जाळीवर प्लास्टर थापून केलेले हे कडे, त्यांमधली ‘डेव्हिल्स गल्च’ ही दरी आणि तिच्यावरचे पूल मासिकांतून जगभर गेले.

जागा कमी पडे तिथे दोन युक्त्या होत्या. एक म्हणजे आरसे. रस्त्याच्या टोकाला आरसा लावायचा, त्याच्या कडा इमारतींनी किंवा झाडांनी झाकायच्या. रस्ता दुप्पट लांब होतो. आरशाजवळच्या पाट्यांवरची अक्षरे मात्र टाळावी लागतात, कारण ती उलटी दिसून बिंग फुटते. दुसरी म्हणजे फसवा दूरपणा. पुढची घरे १:८७ प्रमाणात, मागची त्याहून लहान, अगदी मागची आणखी लहान. डोळा लहान घराला दूरचे घर समजतो. नाटकाच्या पडद्यावर रस्ता निमुळता काढतात, तोच हिशेब.

गाड्या नुसत्या फिरत नव्हत्या

अ‍ॅलन यांची रेल्वे बघण्यापुरती नव्हती. ठरलेल्या संध्याकाळी मित्र जमत आणि वेळापत्रकाप्रमाणे गाड्या चालवत. एकाकडे यार्ड, एकाकडे मालगाडी, कुणी एकाने समोरून येणाऱ्या गाडीसाठी सायडिंगला थांबायचे. अशा वेळी रुळाची परीक्षा होते. छायाचित्रासाठी सुंदर दिसणारा सांधा गाडी घसरवत असेल, तर सगळ्यांची संध्याकाळ त्यावर अडते.

याच आवडीतून त्यांनी ‘टाइमसेव्हर’ नावाचे कोडे बनवले. ते १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले. पाच सांधे, काही आखूड सायडिंग, एक इंजिन आणि मोजके डबे. प्रत्येक डबा नेमून दिलेल्या जागी कमीत कमी वेळात न्यायचा. सायडिंगची लांबी अशी मोजून दिलेली असते, की एक डबा जास्त झाला तरी अडकायला होते. प्रोग्रामिंग शिकलेल्यांना यात आपले जुने वर्गीकरणाचे प्रश्न दिसतील. घरात तळघर नसलेल्यांसाठी ही अ‍ॅलन यांची सर्वांत उपयोगी भेट आहे, कारण ती एका फळीवर मावते.

मग टीका कशावर?

टीका झाली आणि ती निराधार नाही. ‘गोरी अँड डिफीटेड’ कोणत्याही खऱ्या रेल्वेची प्रतिकृती नव्हती. इतके उंच कडे, इतके पूल, इतक्या दऱ्या एका मार्गावर सापडणार नाहीत, आणि सापडल्या तर कुठलाही अभियंता तिथून रेल्वे नेणार नाही. पुढच्या पिढीतल्या अनेकांनी उलटी वाट धरली: एक खरा मार्ग, एक ठरावीक वर्ष, त्या वर्षातला एक ऋतू, आणि त्या वेळी तिथे जे होते तेवढेच. त्यांच्या मापाने अ‍ॅलन यांची रेल्वे नाटकी ठरते. पण हे शिस्तप्रिय लोकही आपल्या रुळांना गंज लावतात, स्लीपरचे रंग वेगवेगळे ठेवतात आणि कॅमेरा रुळाच्या पातळीवर नेतात. नाटकी ठरवलेल्या माणसाची सवय त्यांनी सोडलेली नाही.

जानेवारी १९७३

जवळपास वीस वर्षे चाललेले काम १९७२ च्या अखेरीस पूर्णत्वाच्या जवळ आले होते. लहानपणी कमकुवत झालेल्या हृदयाने ६ जानेवारी १९७३ रोजी साथ सोडली. हृदयविकाराच्या झटक्याने अ‍ॅलन गेले, तेव्हा ते ५९ वर्षांचे होते.

आपल्यामागे या रेल्वेचे काय, हा प्रश्न मित्रांपुढे फार दिवस राहिला नाही. काही दिवसांतच घराला आग लागली आणि लेआउटचा बराचसा भाग नष्ट झाला. प्लास्टर, जाळी, वाळलेले लाकूड, कागदी इमारती आणि त्या हाताने टाकलेल्या रुळांखालचे हजारो स्लीपर. पेट घ्यायला यापेक्षा सोयीचे सामान नसते.

उरली ती छायाचित्रे. ‘मॉडेल रेलरोडर’चे माजी संपादक लिन वेस्टकॉट यांनी त्यांच्या आधारे अ‍ॅलन यांच्या रेल्वेवर एक पुस्तक लिहायला घेतले. त्यात लेआउटचे एकेक ठिकाण, तिथले रूळ आणि डोंगर क्रमाने दाखवले आहेत. पुस्तक १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले. वेस्टकॉट यांनाही ते छापलेले पाहता आले नाही. आदल्या वर्षीच त्यांचे निधन झाले होते.